गाडीची डावी बाजू

दादाच्या फाटकातून गाडी बाहेर पडली आणि मोठ्या रस्त्याला लागायच्या आतच ह्यांनी तिचा पहिला दोष सांगितला.

"काचेच्या बाजूचा हा खांब लय जाड आहे. डावीकडचं काही दिसतच नाही."

मी शेजारी बसले होते. गाडीच्या बाबतीत माझा नवरा जे म्हणेल ते आमच्या घरात शेवटचं असे. तरुणपणी ह्यांच्याकडे जीप होती. त्या जीपमधून त्यांनी संत्री नागपूरच्या बाजारात नेली, वराती नेल्या, अडलेल्या बाया दवाखान्यात पोचवल्या. आमच्या पांढुर्ण्यात कोणी गाडी घ्यायला निघालं की आधी ह्यांना घेऊन जात असे. हे बॉनेटला कान लावत, क्लच दाबून पाहत, एक चक्कर मारून येत आणि घ्या किंवा नका घेऊ एवढंच सांगत. त्यामुळे खांब जाड आहे म्हणाले, तर तो जाड असणारच असं मला वाटलं.

गाडी माझ्या मोठ्या भावाची. तो सौंसरला असतो. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्याचं चालवणं सुटलं होतं आणि गाडी दारात धूळ खात उभी होती. आकाराने लहान, पण उंच. हल्ली जिकडेतिकडे दिसतात त्या छोट्या क्रॉसओव्हरपैकी एक. दादाने फोनवर सांगितलं होतं, "दोन दिवस घेऊन जा. चालवून पाहा, पोरीले बसवून पाहा, वावरात नेऊन पाहा. पटली तं ठेवा, नाही तं आणून द्या. मले काही वाईट नाही वाटत."

आम्हाला गाडीची गरज होती आणि ती लवकर होती. आमची मुलगी जबलपूरहून पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. तिचा रक्तदाब वाढू लागला होता. पांढुर्ण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिला कधीही नागपूरला न्यावं लागू शकतं. गाडी तयार ठेवा. आणि हिच्या डोक्याला काही काळजी लागू देऊ नका." आमची जुनी गाडी जमिनीला टेकून चालायची. बागेच्या रस्त्यावर तिचं पोट घासायचं, आणि मुलीला तिच्यातून उतरायचं तर दोघांना हात धरावा लागायचा.

सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत हे गाडीचे गुणदोष सांगत राहिले. सीट उंच आहे, चढायला-उतरायला गुडघे वाकवावे लागत नाहीत. स्टिअरिंग हलकं आहे. लहान खड्डे जाणवतात, पण मोठ्या खड्ड्यात आपटत नाही. एसी चालू ठेवून चढाव आला की इंजिन दमतं. मी ऐकत होते. मला मनातून ती आवडायला लागली होती.

एका फाट्यावर डावीकडच्या पांदणीतून दुधाच्या कॅन बांधलेली मोटारसायकल रस्त्यावर आली. ती मला दुरूनच दिसली होती. ह्यांनाही दिसली असणार म्हणून मी काही बोलले नाही. गाडीचा वेग कमी झाला नाही. मोटारसायकलवाल्याने पाय जमिनीवर टाकले, त्याच्या कॅन एकमेकींवर आदळल्या, आणि तेव्हा कुठे ह्यांनी ब्रेक मारला. तो माणूस माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर उभा होता. त्याचं तोंड उघडं होतं.

"पाहिलं?" हे मला म्हणाले. "म्हणून म्हणतो, खांब जाड आहे."

घरी पोचल्यावर फाटकातून आत घेताना डावा आरसा खांबाला घासला आणि कानाला टोचेल असा आवाज झाला. मुलगी ओट्यावर उभी राहून पाहत होती.

"बाबा, जुनी गाडी तं तुम्ही डोळे मिटून आत घेत होते!" ती हसत म्हणाली.

हे हसले नाहीत. "गाडी दिसते लहान, पण अंगानं रुंद आहे," एवढं बोलून ते आत गेले. मी आरशावर बोट फिरवून पाहिलं. पांढरा चुना लागला होता, खाली प्लास्टिक खरवडलं होतं. दादाला काय सांगायचं याचा विचार करत मी तिथेच उभी राहिले. मग फाटकाकडे पाहिलं. जुन्या गाडीला लागायची तेवढीच जागा या गाडीला लागली होती. उजव्या बाजूला तर एक माणूस सहज आत येईल एवढी वाट उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बागेत गेलो. आमची बाग तिगावच्या बाजूला आहे. रेल्वेच्या अंडरब्रिजखालून गेलं की पुढे कच्चा रस्ता लागतो. संत्र्यांचा तोडा सुरू होता, रस्ता ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल झाला होता. गाडी त्या चाकोऱ्यांवरून कुठेही न घासता गेली. पाइपलाइनच्या गळतीने एके ठिकाणी चिखल होता, त्यातूनही पहिल्या गिअरमध्ये निघाली. ह्यांचा चेहरा उजळला. "ही वावराची गाडी आहे," ते म्हणाले. मग डिक्कीत संत्र्याच्या क्रेट ठेवून पाहिल्या. डिक्कीचं तोंड उंच होतं, क्रेट छातीपर्यंत उचलावी लागत होती, आणि दोनच्या वर मावत नव्हत्या. तो एक दोष नक्की ठरला.

हे मजुरांकडे गेले, तशी मी सहज चालवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसले. मला लायसन्स होतं. गावातल्या गावात, मी शिकवते त्या शाळेपर्यंत आणि भाजीबाजारापर्यंत, मी जुनी गाडी नेत असे. सीट पुढे ओढली, चाकावर हात ठेवले आणि डावीकडे पाहिलं.

खांब होता. सगळ्या गाड्यांना असतो तसा, तळहाताएवढा. त्याच्या अलीकडे विहीर दिसत होती, पलीकडे कडुनिंब दिसत होता. कुंपणाजवळ फवारणीचा पंप पाठीला बांधून चाललेला गडी दिसत होता. तो चालत चालत क्षणभर खांबामागे गेला आणि लगेच पुढे आला. मी डोकं इकडे-तिकडे करून पाहिलं. सीट ह्यांच्या उंचीएवढी वर केली, पुन्हा पाहिलं. डावी बाजू मोकळी होती.

मी खाली उतरले. हे बांधावर उभे राहून झाडांकडे बघत होते. मी त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले आणि पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही. ते समोर पाहत डिक्कीबद्दल बोलत होते, मला वाटलं माझ्याशीच, पण ते उजवीकडे उभ्या असलेल्या गड्याशी बोलत होते. मी बाटली आणखी पुढे नेली, अगदी त्यांच्या गालाजवळ. मग हळूच हलवली. हे बोलतच राहिले.

"घ्या ना पाणी," मी म्हटलं.

हे एकदम दचकले. "अवं! तू कवा आली?"

"आत्ताच," मी म्हटलं.

गड्यासमोर काय बोलणार? गाडीत बसल्यावर बोलावं असं ठरवलं, आणि गाडीत बसल्यावर शब्दच सापडेनात. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या पारखल्या, त्याला तुम्हाला दिसत नाही असं कोणत्या शब्दांत सांगायचं? मी एवढंच म्हणाले, "द्या ना मले, मी चालवते."

"या रस्त्यावर? कायले?" त्यांनी गाडी सुरू केली.

अंडरब्रिज आला. आत शिरताना ते म्हणाले, "तुझ्या बाजूनं पाह्य, मोकळं आहे का." गेले कित्येक महिने ते असंच विचारत होते. सगळेच चालवणारे विचारतात, म्हणून मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. भिंत माझ्या खिडकीजवळ सरकत येत होती. "उजवीकडे घ्या," मी म्हटलं. "अजून. अजून घ्या." बाहेर उजेडात येईपर्यंत मी तेच सांगत राहिले. ट्रकवर क्लीनर असतो तशी मी त्यांची डावी बाजू झाले होते, आणि त्यांनी मला तसं न सांगताच ठेवून घेतलं होतं.

त्या दुपारी मुलीला तपासणीला न्यायचं होतं. दवाखाना गावातच, मी सारा वेळ रस्त्यावर डोळे लावून बसले आणि काही झालं नाही. रक्तदाब आदल्या वेळेपेक्षा थोडा चढाच होता. डॉक्टरीणबाई मुलीला हसून म्हणाल्या, "आनंदात राहायचं," आणि माझ्याकडे पाहून नजरेने पुन्हा बजावलं.

बाहेर आल्यावर ह्यांनी चावी बोटाभोवती फिरवली. "आता हिले हायवेवर पाहू. नागपूरले न्यायची गाडी, हायवेवर कशी चालते ते पाहिलंच पाहिजे."

"उद्या पाहू," मी म्हटलं. "पोरीले घरी सोडू आधी."

"आई, मी येते ना," मुलगी म्हणाली. "घरी बसून बसून जीव कंटाळला. आणि मागची सीट मीच पाहणार आहे ना, माझ्यासाठीच तं घेऊन राहिले गाडी."

"मग मी चालवते."

"हायवेवर? तू?" हे म्हणाले. मुलगीही हसली. मी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या पायांवर सूज होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि कितीतरी दिवसांनी ती मोकळी हसत होती. तिच्यासमोर ते बोलणं माझ्याने झालं नाही. मी पुढे बसले. मागे वळून तिला पट्टा लावायला सांगितला, पोटाच्या खालून.

नागपूर-बैतूल हायवेवर गाडी सुरेख चालली, हे मी कबूल करते. आवाज कमी झाला, मागे हादरे लागेनात. मुलगी म्हणाली, "बाबा, एसीची हवा मागंपर्यंत येऊन राहिली." ओव्हरटेक करताना गाडी उंच असल्यामुळे जरा डोलायची. हे प्रत्येक गोष्टीवर बोलत होते, खुशीत होते. मी फक्त डावीकडे पाहत होते. "बैलगाडी आहे पुढं." "सायकलवाला आहे." "तो ट्रक हळू आहे, अजी, हळू." एकदा ते म्हणाले, "तू आज एवढी काऊन बोलून राहिली?" मी पुन्हा डावीकडे पाहिलं.

एका ढाब्यापासून आम्ही परत फिरलो. दिवस लहान होते, सूर्य टेकला होता. समोरून येणाऱ्या गाड्यांनी दिवे लावायला सुरुवात केली होती. तेवढ्यात मुलगी मागून म्हणाली, "आई, पाणी दे ना." बाटली माझ्या पायाशी होती. मी वाकले, उचलली, मागे वळून तिच्या हातात दिली. मागून एक ट्रक जोराने हॉर्न वाजवत आला. त्याला वाट द्यायला हे डावीकडे सरकले.

मी पुढे पाहिलं तेव्हा काचेत डावीकडे कापसाची ट्रॉली होती. रस्त्याच्या कडेला, अर्धी रस्त्यावर, अर्धी खाली. दिवा नाही, काही नाही. कापूस ताडपत्रीतून दोन्ही बाजूंनी बाहेर फुगलेला.

"ब्रेक!" मी ओरडले. "अजी, ब्रेक!"

त्यांनी ब्रेकवर पाय दिला. त्यांना काही दिसलं म्हणून नव्हे, माझ्या ओरडण्यावर. गाडी थरथरत सरळ राहिली, खाली काहीतरी कडकड मोडलं, माझा पट्टा छातीत रुतला, आणि आम्ही थांबलो. माझ्या खिडकीच्या काचेला कापूस टेकला होता. बाहेर दुसरं काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं.

मी आधी मागे वळले. मुलीने दोन्ही हात पोटावर धरले होते. "दुखून राहिलं का? सांग, कुठं दुखून राहिलं का?"

तिने मान हलवली. "नाही. हललं. बाळ हललं." आणि ती रडायला लागली.

ट्रॉलीच्या पुढून एक शेतकरी धावत आला. त्याच्या हातात पाना होता. चाक पंक्चर झाल्यामुळे तो तिथे अडकला होता. ह्यांच्या खिडकीशी वाकून तो म्हणाला, "काका, एवढ्या फांद्या ठेवल्या होत्या रस्त्यावर, दिसल्या नाहीत काय तुमाले?" आमच्या चाकांखाली मोडल्या होत्या त्या त्याच फांद्या.

मला वाटलं, हे आता म्हणतील खांब जाड आहे, दिवे कमी आहेत. त्या क्षणी त्यांनी तसं म्हणावं असंही मला वाटत होतं आणि त्याची भीतीही वाटत होती.

"नाही दिसल्या, भाऊ," ते म्हणाले. "ट्रॉलीच नाही दिसली मले."

त्यांनी दार उघडलं आणि खाली उतरून उभे राहिले. माझ्या बाजूचं दार कापसामुळे उघडत नव्हतं. मी गिअरवरून पाय टाकून, साडी सावरत, त्यांच्या जागेवर सरकले. त्यांनी पाहिलं. मागचं दार उघडून ते मुलीजवळ जाऊन बसले.

मला हायवेची सवय नव्हती. मागे पाहायला आरशात वाकले तर मागची काच एवढी अरुंद की ट्रकचे दिवे तेवढे दिसत होते. बागेतल्या चिखलाने मागचा कॅमेरा झाकला गेला होता. तो शेतकरी मागे जाऊन उभा राहिला, हात दाखवून त्याने मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या, आणि मी गाडी मागे घेतली. पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा निघाली.

गाडी रस्त्याला लागल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, केव्हापासून?"

"पोळ्याच्या आधीपासून असंन," मागून आवाज आला. "डाव्या डोळ्यानं धुकं धुकं दिसे. वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मग एक दिवस उजवा डोळा झाकून पाहिला, तं काहीच नाही."

"सांगतलं काऊन नाही?" मी समोर पाहत विचारलं. माझा आवाज चढला होता. "पोरगी गाडीत बसून आहे. तिच्या पोटात जीव आहे. कधी सांगणार होते?"

"कोणाले सांगू? तुम्ही दोघी माझ्या भरवशावर बसता." थोडं थांबून ते म्हणाले, "वाटलं, गाडी बदलली तं फरक पडंन. उंच सीट, मोठी काच. दिसंन सारं. म्हणून तं हीच गाडी पाहू म्हटलं."

त्यावर माझ्या रागाचं काय करायचं ते मला कळेना. राग गेला नाही. पण त्याच्या जोडीला दुसरंही काही येऊन बसलं. मी दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून घरापर्यंत आले. फाटकातून गाडी आत घेतली नाही, रस्त्यावरच उभी केली.

आठवडा उलटायच्या आत आम्ही रेल्वेने नागपूरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. मुलीजवळ माझी जाऊ येऊन राहिली. तिथे ह्यांना एका मशीनसमोर बसवलं. एक डोळा पट्टीने झाकायचा, हनुवटी टेकवायची, समोर पाहायचं आणि कुठेही बारीकसा उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. अंधाऱ्या खोलीत मी भिंतीशी उभी होते. उजव्या डोळ्याच्या वेळी बटणाची टकटक येत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा येत होती. मग डावा डोळा. मशीन चालू असल्याची घरघर होती, पण टकटक येईना. मी वाट पाहत राहिले. एकदा आली. नंतर कितीतरी वेळ नाही. तंत्रज्ञ बाई हळू आवाजात म्हणाली, "काका, उजेड दिसला की दाबायचं बरं का."

"दाबतो ना बाई," हे म्हणाले. "दिसला की दाबतो."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली होती, रोगाने उजव्याच्या नजरेच्या कडा खायला सुरुवात केली होती. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकवायचं असेल तर थेंब रोज, न चुकता. "आणि गाडी?" मी विचारलं, कारण हे विचारणार नव्हते.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "आता कधीच नाही."

परतीच्या रेल्वेत हे खिडकीशी बसून होते. बाहेर पाहत होते की नाही, मला सांगता येणार नाही.

दादाची गाडी अजून आमच्याकडेच होती. त्याला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. आरशाचंही सांगितलं. तो म्हणाला, "गाडी राहू दे, घाई नाही." पण दोन-तीन दिवसांनी ह्यांनीच त्याला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, ऐकत होते.

"भाऊ, गाडी आम्ही ठेवून राहिलो," ते म्हणाले. "खांबाचं मी चुकीचं सांगतलं होतं, तुमचा खांब बरोबर आहे. ब्रेक पक्का आहे, त्याच्यावरच वाचलो. डिक्की कामाची नाही. चढावावर दम कमी आहे, एसी बंद करून दाबा लागते. मागची काच लहान, तं मागं घेताना तिले त्रास होईन. तिच्यासाठी सीट मात्र बरोबर बसते." मग जरा थांबून म्हणाले, "हाव, तीच चालवणार आहे."

त्यानंतरचे दिवस घरात फार अवघड गेले. रोज सकाळी शाळेच्या आधी मी गाडी काढायची, हे शेजारी बसायचे. जाम नदीच्या पुलावरून सावरगावकडे जायचं आणि परत यायचं. चढावावर थांबून पुन्हा गाडी उचलायला त्यांनी मला शिकवलं. गाडी मागे घसरली की हे ओरडायचे. "क्लच कायले सोडली! कायले सोडली!" एकदा मी गाडी रस्त्याच्या मध्येच बंद करून सांगितलं, "ओरडायचं असंन तं पायी घरी जा." ते खरंच उतरले आणि चालू लागले. डावीकडून एक ऑटो आला, त्यांना तो दिसला नाही, ऑटोवाल्याने वळवला. ते थांबले. परत येऊन बसले. मी गाडी सुरू केली.

मुलीला घेऊन जायची वेळ डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या तारखेच्या आधीच आली. पहाट सरून उजाडलं होतं, धुकं होतं. तिचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. डॉक्टरीणबाईंनी फोनवर आवाज ऐकूनच सांगितलं, "थांबू नका, निघा." अँब्युलन्सला फोन केला तर ती दुसऱ्या गावाला गेलेली होती. ह्यांनी मुलीला मागे बसवलं, स्वतः तिच्या डाव्या बाजूला बसले, म्हणजे चांगला डोळा तिच्याकडे राहील. मी गाडी काढली.

त्या धुक्यात मला पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. ट्रक चढावावर रांगत होता. त्याच्या मागे राहिलं तर नागपूर कधी येणार? मी दोनदा उजवीकडे सरकले आणि दोनदा भिऊन मागे आले. मागून मुलगी कण्हत होती. तिसऱ्या वेळी ह्यांचा आवाज आला, अगदी शांत.

"एसी बंद कर. दुसरा टाक. आरशात पाह्य, कोणी आहे का?"

"नाही."

"मंग दाब. आता भ्यायचं नाही. दाब."

इंजिन किंचाळलं. ट्रकची बाजू संपता संपत नव्हती. एक चाक, दुसरं चाक, मग ड्रायव्हरचं दार, आणि मग मोकळा रस्ता. "झालं," हे म्हणाले. "आता तिसरा." मुलगी म्हणाली, "आई, लवकर." मी लवकर गेले.

नागपूरला दवाखान्याच्या दारात तिला खुर्चीवर बसवून आत नेलं. हे तिच्यासोबत धावले. मागे गाड्यांची रांग लागली, चौकीदार शिट्ट्या मारत होता, आणि मला गाडी मागे घेऊन एका अरुंद जागेत उभी करायची होती. मी वळवली, अडकले, पुन्हा पुढे घेतली. कोणीतरी हॉर्न वाजवायला लागलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आरसा धूसर झाला होता.

तेवढ्यात आरशात हे दिसले. आतून परत आले होते. गाडीच्या मागे, मान वळवून, उजवा डोळा गाडीकडे करून उभे होते. त्यांनी चौकीदाराला हाताने थांबवलं.

"तिले घेतलं आत," ते ओरडून म्हणाले. "डॉक्टर आहेत जवळ. तू सावकाश ये. येऊ दे. येऊ दे."

नात दुपारी झाली. वजनाने कमी होती म्हणून काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मुलीचा रक्तदाब उतरायला वेळ लागला, पण उतरला. जावई रात्रीच्या गाडीने पोचले. त्यांनी आधी बाळाला पाहिलं, मग बायकोला, आणि मग मला विचारलं, "गाडी कोणी चालवली?" हे माझ्या शेजारीच बसले होते. डोळ्यांत थेंब टाकून मान मागे टेकवली होती. मी काही बोलायच्या आधी त्यांनी डोळे मिटूनच माझ्याकडे बोट केलं.